प्रमाण घर

कोल्हापूरच्या व्यवहार-विश्वास संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर त्या सकाळी एक सोफा विकायला काढला होता. सोफा नव्हताच. जाहिरात होती, तीन फोटो होते, 'थोडा वापरलेला, मांजर नसलेल्या घरातला' असं वर्णन होतं, आणि तो घ्यायला उतावीळ झालेली गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकंही बहुतेक नव्हतीच. ती ठगयंत्रं होती. नसलेला सोफा नसलेल्या माणसांना विकायचा हा उद्योग सरकारी खर्चाने चालला होता आणि डॉ. यामिनी खराडे त्याची प्रमुख होती.

पूर्वी ठग ओळखणं सोपं असे. तो भाव करत नसे. वस्तू न बघताच घ्यायला तयार असे. तो हमखास लष्करात असे, त्याची बदली नेहमी लांब झालेली असे, आणि पैसे द्यायचे म्हणून तो ठिपक्यांचं एक चौकोनी चित्र पाठवी. ते स्कॅन केलं की पैसे यायच्या ऐवजी जात. पण पुढे ठगांनी माणसं काढून यंत्रं बसवली, आणि यंत्रं शिकली. ती आता घासाघीस करत, रुसत, 'मिस्टरांना विचारून सांगते' म्हणून दोन दिवस गायब होत. आवाज तर ती कुणाचाही काढत.

"काय बाई, विकला का सोफा?" डॉ. इरफान मुजावरांनी डबा टेबलावर ठेवत विचारलं. ते केंद्राचे संख्याशास्त्रज्ञ. वीस वर्षं यामिनीबरोबर काम करूनही ते तिला 'बाई'च म्हणत.

"कराडच्या एकीला जवळजवळ दिला होता. फार गोड बोलली. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उंच सोफा पाहिजे म्हणाली."

"मग?"

"सासू नाही, गुडघेही नाहीत. यंत्र निघालं."

"गुडघ्यापर्यंत आलंय म्हणजे प्रगती आहे," मुजावर म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "आमचा फ्रीज विकला परवा. येईल तो विचारतोय, शेवटचा भाव काय, शेवटचा भाव काय. एकीनं विचारलं, दार डावीकडं उघडतं की उजवीकडं. मी म्हटलं, ही घेणार. घेतला तिनं."

"कशावरून म्हटलंत?"

"तिच्याकडं भिंत आहे."

यामिनीच्या हातातला चहा तसाच राहिला. ती म्हणाली, "मुजावर, ज्याला वस्तू खरंच घ्यायचीय, त्याने ती मनात आधीच घरात नेऊन ठेवलेली असते. जिन्यातून वळेल का, प्लग कुठे आहे, उघडलं की बाजूच्या कपाटाला लागेल का. तो बोलतो भावाबद्दल, पण बोलताना घर सांडत असतं. ठगाकडे सगळं आहे. सासू आहे, गुडघे आहेत. घर नाही."

"करेल की तयार. खोटं घर."

"करू दे. घर आपसात जुळावं लागतं. दार एवढं असेल तर पलंग आत कसा गेला? खिडकी पूर्वेला असेल तर संध्याकाळी टीव्हीवर ऊन कसं येतं? खोटं घर बोलता बोलता कुठेतरी फाटतं. आपण फक्त विचारत राहायचं."

असा 'घरठसा' जन्माला आला. माणसाच्या बोलण्यातून त्याचं घर उभं करायचं आणि ते कितपत जुळतं याचा आकडा काढायचा. हे काम करणाऱ्या यंत्राला त्यांनी नाव दिलं पारखी.

पारखीला शिकवायला खरी घरं हवी होती. लोकांची घरं नमुना म्हणून वापरायला केंद्राच्या नीती समितीने नकार दिला. घर ही खासगी बाब आहे, असं समितीचं मत पडलं, आणि त्या मतापर्यंत पोहोचायला समितीला बऱ्याच बैठका आणि बरेच बटाटेवडे लागले. मग आपलीच घरं वापरायची ठरली. मुजावरांचं घर बाद झालं, कारण तिथे दुरुस्तीचं काम निघालं होतं आणि त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघर दोनदा हलवलं होतं. "आज सांगितलेलं उद्या खोटं पडतं," ते म्हणाले. "मला घालाल तर यंत्र मलाच ठग म्हणेल."

उरलं यामिनीचं घर. राजारामपुरीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जन्मापासून ती तिथेच राहत होती. लग्न झालं नव्हतं, बदली झाली नव्हती, घर रंगवायचंही सारखं राहून जात होतं. विज्ञानाला याहून स्थिर वस्तू मिळाली नसती. रोज दुपारी ती पारखीशी घराबद्दल बोलत बसे आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारे, अजून काय राहिलं. काचबिंदूने आईची दृष्टी जवळजवळ गेली होती; तिला उजेड कळे आणि माणसाचा आकार कळे. बाकी घर तिच्या हातापायांना पाठ होतं.

"कॅलेंडरचा खिळा सांगितलास का?" आई विचारी. "आणि मधलं दार पावसाळ्यात फुगतं ते सांग की. न्हाईतर म्हणतील, नवीन घर दिसतंय."

वजनमापाच्या कचेरीत जसं एक प्रमाण वजन जपून ठेवतात, तसं यामिनीचं घर पारखीच्या पोटात जाऊन बसलं. त्याचा आकडा शंभर. बाकी जगातल्या प्रत्येक घराने त्याच्याशी ताडून आपला आकडा घ्यायचा. त्याला त्यांनी 'प्रमाण घर' म्हटलं. यामिनीला त्याचा अभिमान होता, आणि तो ती बोलून दाखवत नसे. संध्याकाळी साडेपाचला ती न चुकता उठे, कारण आईचं इन्सुलिनचं इंजेक्शन असे आणि ते आई तिच्याशिवाय कुणाच्या हातून घेत नसे. मुजावर घड्याळ न बघता म्हणत, "बाई उठल्या. साडेपाच झाले."

पारखी फारच यशस्वी ठरला. जुन्या वस्तूंच्या बाजारातले ठग काही महिन्यांत निम्म्याहून कमी झाले. पण माणूस खरा की खोटा हे सांगणारं यंत्र एकदा सापडल्यावर ते फक्त जुन्या सोफ्यांसाठी वापरावं, हे कुठल्या सरकारला पटणार? बँकांनी ते घेतलं. औषध दुकानांनी घेतलं. खात्यातले पैसे काढायला गेलेल्या माणसाला यंत्र नम्रपणे विचारी, 'आपल्याला एखादं लोखंडी कपाट भेट मिळालं, तर कुठे ठेवाल?' आणि माणूस काउंटरवर कोपर टेकून, आधी लाजत, मग रंगात येऊन आपल्या बायकोशी झालेल्या भांडणांसकट घर सांगे. ज्यांना घरच नाही त्यांचं काय, असा प्रश्न एका आमदाराने सभागृहात विचारला. त्याला लेखी उत्तर देण्यात आलं.

शेवटी पारखी दारांवर आला. आवाज नकली, चेहरे नकली, अशा दिवसांत दाराने तरी कुणाला ओळखायचं? किल्ल्या गेल्या. चौकटीवर एक लहान दिवा आला. हिरवा झाला तर दार उघडे, लाल झाला तर नाही. यामिनीच्या दाराला मात्र तिला फार विचारावं लागत नसे. तिने 'खिडकीखाली' एवढं म्हणायचा अवकाश, दार उघडे. जगातलं सर्वांत खरं घर तिचं होतं.

अशा सगळ्या सुखात तिने घरघंटी विकायला काढली.

दोघीच घरात, दळण कितीसं लागणार. शिवाय घरघंटी लावली की आईला आवाज सोसत नसे. तिने जाहिरात टाकली, नाव आपलं आणि नंबर घरच्याच फोनचा दिला, आणि रविवारी सकाळी निवांत बसली.

पहिला फोन सांगलीहून आला. बाई आपलं नाव माधवी टोणपे म्हणाल्या. आवाज ठसठशीत, बोलणं घरगुती.

"किती वर्षं वापरलीय हो? जाळ्या सगळ्या आहेत ना? बेसनाची असेल तर बरं." मग भाव झाला. मग बाई म्हणाल्या, "गॅलरीतच ठेवीन म्हणते. प्लग दारामागं आहे, पण वायर पुरेल. जागा अशी अरुंद, दार उघडलं की पाण्याच्या पिंपाला लागतं."

"अगदी आमच्यासारखंच," यामिनी हसून म्हणाली.

समोरच्या पडद्यावर पारखीचा दिवा हिरवा झाला. आकडा शंभर. तिने तो दोनदा पाहिला. स्वतःच्या घराशिवाय शंभर तिने कधी पाहिला नव्हता. तिला आधी वाटला तो आनंदच होता, धंद्यातल्या माणसाचा.

दुसरा फोन लातूरच्या एका निवृत्त कंडक्टरचा. त्यालाही घरघंटी गॅलरीत ठेवायची होती. "प्लग दारामागंच आलाय," तो म्हणाला. "पीठ उडतं म्हणून मधलं दार ओढून घ्यावं लागेल. पण पावसाळ्यात ते फुगतंय. खालनं पायानं रेटावं लागतं." शंभर.

यामिनीने उठून मधल्या दाराकडे पाहिलं. दाराच्या तळाशी तिच्याच पायाच्या रेट्याने झिजलेली जागा होती.

तिसऱ्या फोनवर गोंदियाची एक मुलगी होती. ती फार हळू बोलत होती.

"जरा हळू बोलते हं. आई आत झोपलीय."

"झोपू दे," यामिनी म्हणाली. तिचा आवाज नकळत तसाच हळू झाला.

"तिला दिसत नाही ना. आवाजानं दचकते. खिडकीखाली खाट आहे तिची. घरघंटी गॅलरीत ठेवली तरी आवाज जाईलच. बघू. दुपारी ती झोपते, तेव्हा नाही लावणार. आणि संध्याकाळी तर नाहीच, संध्याकाळी तिचं इंजेक्शन असतं."

आत आईने कूस बदलली. खाट करकरली. खाटेचा आवाज फोनच्या आतून आला की बाहेरून, हे यामिनीला एक क्षण कळलं नाही. पडद्यावर शंभर होता, हिरवागार.

तिने फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. तिने तो उचलला नाही. तो वाजत राहिला.

*

"इंजेक्शन मी सांगितलं नव्हतं," सोमवारी ती मुजावरांना म्हणाली. "कुठल्याच नोंदीत नाही. मी तपासलं. घराचं सांगितलं. आईच्या औषधाचं यंत्राला कशाला सांगू?"

मुजावर सकाळपासून आकडे बघत होते. देशभरातून, गेल्या पंधरवड्यात, शंभराला पोचलेली गिऱ्हाइकं. पडदा सरकवला तरी ती संपत नव्हती.

"फ्रीजच्या दारातला वरचा कप्पा रिकामा ठेवतो, असं सांगितलं होतंत तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"कशाला ठेवतो ते सांगितलं नव्हतं. पण खाट उजेडात, शेजारी खुर्ची, म्हातारं माणूस, फ्रीजमध्ये एक कप्पा कायम मोकळा. घर जुळवायचं म्हटलं तर त्या कप्प्यात काहीतरी यायलाच पाहिजे. ते आलं."

"पण त्यांना माझं घर मिळालं कुठून? पारखीच्या पोटातलं कुणी काढून नेलं?"

"नाही. ते मी पहिलं बघितलं. कुलपं शाबूत आहेत." त्यांनी चष्मा काढला. "बाई, धुक्यात डोंगर आहे असं समजा. दिसत काही नाही. पाऊल टाकलं की चढ लागला का उतार, एवढंच कळतं. ठगयंत्राला आपल्याकडनं दर फोनला तेवढंच कळतं. आकडा वाढला, का कमी झाला. वाढला तर ते वाक्य ठेवायचं, कमी झाला तर टाकायचं. दिवसाला लाखो फोन. प्लग दारामागं म्हटलं, आकडा वाढला. ठेवा दारामागं. पूर्वेकडनं निघा, पश्चिमेकडनं निघा, चढ धरून चालत राहिलं की माणूस शेवटी पोचतो कुठं?"

"माथ्यावर."

"आणि माथ्यावर आपण काय ठेवलंय?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

"म्हणजे कुणी पाळत ठेवली नाही," ती म्हणाली.

"कुणी नाही. सांगलीच्या यंत्राला लातूरचं यंत्र माहीत नाही. हे घर राजारामपुरीत आहे, तुमचं आहे, हे त्यांना ठाऊकच नाही. प्रत्येकजण आपापला चढत आला. पाळत असती तर बरं होतं, एखाद्याला पकडलं असतं. आता काय, देशातला प्रत्येक ठग तुमच्या घरात राहतो. उद्या जो नवीन ठग धंद्यात येईल, तोही तिथंच राहायला येईल. दुसरीकडं जायला त्याला चढच नाही."

यामिनीने पडद्यावरची संभाषणं एकामागून एक ऐकली. तिचं घर वेगवेगळ्या आवाजांत वाजत होतं. कुणी तिच्या ओट्यावर भाजी चिरत होतं. कुणी तिच्या देव्हाऱ्यापाशी दिवा लावत होतं. ज्या गोष्टी तिने कधी सांगितल्या नव्हत्या त्याही होत्या, आणि त्या बरोबर होत्या. आई प्रत्येक घरात होती, खिडकीखाली, झोपलेली. एकच व्यक्ती कुठल्याच घरात नव्हती. यामिनीने घर स्वतःच्या डोळ्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं. ती जागा मोकळी होती, आणि जो बोलत होता तो तिथे उभा होता.

"उपाय एकच आहे," मुजावर म्हणाले. "माथा कापायचा. शंभराच्या जवळ येईल तो ठग."

"आणि मी?"

"तुमच्यासाठी अपवाद ठेवता येईल. पण तो कशाच्या आधारावर? आवाज? ते काढतात. चेहरा? तोही काढतात. अपवाद म्हणजे भिंतीला भोक. तासाभरात सगळे त्यातनं आत."

हे गणित तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ते तिचंच होतं. दिवसाकाठी किती म्हाताऱ्यांची खाती रिकामी होत होती, हेही पडद्यावर दिसत होतं. तिने आदेशावर बोट ठेवलं. दुपारी दोनच्या सुमाराला प्रमाण घर देशभर खोटं ठरलं.

"आजपासून घराबद्दल खरं बोलू नका, बाई."

"विचारलं कुणी तर?"

"दुसऱ्या कुणाचं तरी सांगा."

तिने त्या वेळी बँकेचा विचार केला, औषध दुकानाचा केला. स्वतःच्या दाराचा केला नाही. ते तिला कधी अडवत नसे, आणि न अडवणाऱ्या गोष्टी माणसाच्या लक्षात राहत नाहीत.

*

ती घरी पोचली तेव्हा जिन्यात उन्हं तिरपी आली होती.

"नमस्कार," दार म्हणालं. "आपल्याला एखादा पलंग मिळाला, तर कुठे ठेवाल?"

"खिडकीखाली," ती सवयीने म्हणाली, आणि बोलताबोलताच तिला कळलं.

दिवा लाल झाला. आतल्या भोंग्यातून तोच गोड आवाज ऐकू आला: "दारात ठग आहे. दार उघडू नये."

आत काठी टेकत येणारी पावलं वाजली. ती दारापाशी थांबली.

"कोण आहे?"

"मी गं आई. यामिनी."

"पारखी न्हाई म्हणतोय."

"तो बिघडलाय. म्हणजे बिघडला नाही, आम्हीच आज… आई, तू आधी उघड, मी सगळं सांगते."

"सगळ्या असंच म्हणत्यात," आई म्हणाली. "दुपारपासनं फोन वाजतोय. आई, मी यामिनी. आई, दार उघडून ठेव, माणूस पाठवलाय. सगळ्या तिच्याच आवाजात. एक तर रडली, इतकी तिच्यासारखी रडली की मी काठी घेऊन दारापातूर आले होते."

रविवारी यामिनी त्यांच्याशी निवांत बोलली होती. आवाज घ्यायला तेवढं पुरतं, हे तिला कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

"आई, ऐक. तुझ्या खाटेखाली ट्रंक आहे. त्यात आबांचा कोट आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. बरोबर?"

लाल दिवा आणखी गडद झाला. आत भोंगा पुन्हा बोलला.

"देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा तू डाव्या हाताला ठेवतेस, निरांजनाची आच लागू नये म्हणून. तू रात्री उठलीस की आधी भिंतीला हात लावतेस, मग खुर्चीला. खुर्ची मी रोज त्याच फरशीवर ठेवते. आई, हे मला नाहीतर कुणाला माहीत असेल?"

आत काठी एकदा फरशीवर आपटली. मग आई म्हणाली, आणि यामिनीने तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता:

"कुठनं कळतं गं तुम्हाला हे सगळं? म्हातारीला कशाला घाबरवता?"

"आई—"

"माझ्या मुलीनं सांगून ठेवलंय. कुणी माझ्या आवाजात आलं आणि पारखी न्हाई म्हणाला, तर मी स्वतः असले तरी उघडायचं न्हाई. ती हुशार आहे. तिनंच केलंय ते यंत्र. आता जावा, न्हाईतर गळ्यातलं बटण दाबीन, पोलीस येतील."

काठी आत गेली. मधलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि ते खालून पायाने रेटल्याचा.

यामिनी पायरीवर बसली. सहा वाजून गेले होते. तिने मुजावरांना फोन लावला.

"पोलिसांना बोलवू?"

"येतील. पारखी घेऊन येतील, आणि तुम्हालाच नेतील. मी निघतो, पण मला तरी त्या का उघडतील? यंत्राचं ऐकायची सवय आपणच लावली." ते थांबले. "दुसरं घर सांगा, बाई. पुरतं जुळणारं. तेवढा एकच रस्ता आहे."

"मला दुसरं घर माहीत नाही, मुजावर. मी कधी राहिलेच नाही दुसरीकडे."

तरी तिने प्रयत्न केला. चार खोल्यांचा एक बंगला तिने दारापुढे रचला, आणि तो जिन्यावरच फाटला; तिने वरच्या मजल्यावर नेलेला पलंग खालच्या दारातूनच आत जाईना. दिवा लाल. ठग कसे हरत असत, हे तिला पहिल्यांदा आतून कळलं.

मग तिला इचलकरंजीचं घर आठवलं.

ती सव्वीस वर्षांची असताना तिकडचं एक स्थळ आलं होतं. आई तेव्हा आजारी होती, म्हणून तिचे वडील आबा आणि मामा तिला घेऊन घर बघायला गेले होते. तासभर थांबले. पोहे झाले. स्थळ पुढे जमलं नाही, कारण आता कुणाला आठवतही नाही. पण त्या तासाभरात, मोठी माणसं बोलत असताना, यामिनीने तिथे आपली पुस्तकांची कपाटं लावली होती. त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं, झोप येण्याआधी, ती त्या घरात काही ना काही हलवत असे.

ती उठून उभी राहिली.

"पलंग आतल्या खोलीत," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत नाही, रस्त्यापलीकडे यंत्रमाग आहेत, रात्रभर आवाज येतो. आत येतो, पण सवय होते. पलंग न्यायचा तर दाराची एक फळी काढावी लागेल, ह्यांनी कपाटाच्या वेळी काढली होती. पुस्तकं परसाच्या भिंतीला नाहीत, तिला ओल आहे. तिथे मुलीचं टेबल आहे. ती ओरडते, वह्यांना वास येतो म्हणून. पण खिडकी तीच एक, आणि तिला पेरूचं झाड बघत बसायचं असतं."

ती बोलत राहिली. कुठेच अडलं नाही.

दिवा हिरवा झाला. "दारात खरी व्यक्ती आहे," पारखी म्हणाला. "काळजी नसावी." आणि दार उघडलं.

मधलं दार ढकलून आई बाहेर आली. तिने पदर सारखा केला आणि उजेडातल्या आकाराकडे चेहरा वळवला. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"या, या. बरं झालं बाई तुम्ही आलात. आत्ताच एक जण दारात उभी होती, माझ्या मुलीच्या आवाजात. अजून छाती धडधडतीय बघा."

"आई, मीच—"

चौकटीवरचा हिरवा उजेड मंद झाला. आतल्या भोंग्यात किंचित खरखर झाली, बोलण्याआधी होते तशी. आईचा हात गळ्यातल्या बटणाकडे गेला.

यामिनी थांबली.

"मीच बसते तुमच्यापाशी थोडा वेळ, मावशी," ती म्हणाली.

दिवा पुन्हा नीट हिरवा झाला. आईचा हात खाली आला.

"बसा की. तुमचाही आवाज तिच्यासारखाच लागतोय. आता मला सगळेच तिच्यासारखे ऐकू येतात. कुठनं आलात?"

"इचलकरंजीहून."

"लांबनं आलात. पाणी घ्या." आई भिंतीला हात लावत खाटेवर जाऊन बसली. तिच्या ओठांना कोरड पडली होती. ती जरा दमल्यासारखी, झोप आल्यासारखी बोलत होती. त्या आवाजाचा अर्थ यामिनीला नेमका माहीत होता.

"मावशी, तुमच्या इंजेक्शनची वेळ झाली असेल. मला देता येतं. देऊ का?"

"नको हो," आई म्हणाली. अवघडलेल्या पाहुणीला म्हणावं तसं, समजुतीने. "तुम्ही भल्या बाई आहात, पारखीनंच सांगितलंय. पण ते मी तिच्याशिवाय कुणाच्या हातनं घेत न्हाई. येईलच इतक्यात. कधी उशीर करत न्हाई ती."

तिने चेहरा दाराकडे वळवला. यामिनी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली, आणि दोघी यामिनीची वाट पाहू लागल्या.